समुद्रात जेलीफिश खरेच वाढत आहेत का?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्राव्हलीन अणुवीज केंद्राच्या चार अणुभट्ट्या बंद पडल्या. यंत्रात बिघाड नव्हता, कोणाची चूकही नव्हती. भट्ट्या थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत ओढले जाते. त्या वाटेवरच्या गाळण्यांवर जेलीफिशचा एवढा लोंढा येऊन अडकला की पाणी मिळेना, आणि सुरक्षा यंत्रणेने भट्ट्या आपोआप थांबवल्या. २०१३ मध्ये स्वीडनच्या ऑस्कर्शाम्न केंद्रात हेच झाले होते, २०११ मध्ये स्कॉटलंडच्या टॉर्नेसमध्ये. १९९९ च्या डिसेंबरात फिलिपिन्समधले एक वीज केंद्र असेच ठप्प झाले तेव्हा लुझॉन बेटाचा मोठा भाग अंधारात गेला आणि लष्कराने सत्ता हाती घेतली की काय, अशी अफवा उठली.

अशा बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास असते: जगभर जेलीफिश वाढत चालले आहेत. हे वाक्य आता इतके रुळले आहे की ते सिद्ध झालेले आहे, असेच वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात सागरी जीवशास्त्रज्ञांमध्ये त्यावर पंचवीस वर्षे वाद चालू आहे. दोन्ही बाजूंना जाणकार, प्रामाणिक माणसे आहेत आणि दोघांच्या हाती पुरावा आहे. हा वाद कुठून सुरू झाला, आज कुठे येऊन थांबला आहे आणि त्यातले काय अजून सुटलेले नाही, ते इथे क्रमाने पाहू. मात्र आधी या प्राण्याची ओळख नीट करून घ्यायला हवी, कारण वादाचे निम्मे मूळ त्याच्या शरीरातच आहे.

मेंदू नाही, हृदय नाही

जेलीफिश हा प्रवाळांच्या आणि समुद्रफुलांच्या गोतावळ्यातला प्राणी. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही, हाडे नाहीत, श्वास घ्यायला कल्लेही नाहीत. शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणी. कॅनडातल्या बर्जेस शेल या प्रसिद्ध खडकांमधून मिळालेल्या पोहत्या जेलीफिशच्या जीवाश्मांचे वर्णन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते जीवाश्म सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे डायनोसॉर येण्याच्या कितीतरी आधीपासून हा प्राणी आजच्यासारखाच छत्री मिटत-उघडत पोहत होता.

मेंदू नाही म्हणून तो मठ्ठ असेल, हा समज मात्र सोडून द्यावा लागतो. कॅरिबियन समुद्राच्या खारफुटीत ट्रायपेडेलिया नावाचा बोटाच्या पेराएवढा पेटी-जेलीफिश राहतो. त्याला २४ डोळे असतात आणि त्यांतल्या काहींना आपल्या डोळ्यांसारखी भिंगे असतात. खारफुटीच्या मुळांवर आपटू नये म्हणून तो अंतराचा अंदाज घेतो, आणि अंदाज चुकून दोन-चारदा धडकला की पुढे वळण लवकर घ्यायला शिकतो. हे शिकणे कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोगाने दाखवले. त्याआधी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिले होते की तळाशी उलटा पडून राहणारा कॅसिओपिया रात्री झोपतो, आणि झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी सुस्तावतो. झोप हा मेंदूचा मामला आहे, ही समजूत तेव्हापासून ढिली झाली.

त्याचा डंख जवळून पाहण्यासारखा आहे. छत्रीखाली लोंबणाऱ्या धाग्यांवर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी, तिच्यात प्रचंड दाबाखाली गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी आणि नळीच्या टोकाला काटे. त्वचेचा स्पर्श झाला की कुपीचे झाकण उडते, नळी आतली बाहेर उलटत सुटते आणि कातडीत घुसून विष सोडते. हायड्रा या जेलीफिशच्या भावबंदात या क्रियेचा वेग मोजला गेला आहे. नळी सुटण्याचा निर्णायक टप्पा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात आटोपतो आणि त्यातले त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींहून जास्त भरते. सजीवसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींमध्ये तिची गणना होते. जेलीफिश मेला, वाळूवर पडला, धागा तुटून वेगळा झाला, तरी या पेशी बराच काळ सुटू शकतात. किनाऱ्यावरचा ‘मेलेला’ जेलीफिश हातात घेऊ नये, ते यासाठी.

आता मोजणीकडे येऊ. जेलीफिश ट्रॉलरच्या जाळ्यात आला की दाबाने त्याचा लगदा होतो. जातही ओळखता येत नाही, मग संख्या कुठली? जुन्या मत्स्य सर्वेक्षणांत तो बहुधा नोंद न करताच परत समुद्रात टाकला जाई, कारण सर्वेक्षण माशांचे होते. त्यातून हा प्राणी उपासमारीत चक्क लहान होतो आणि खाणे मिळाले की पुन्हा वाढतो. त्यामुळे आकारावरून वय सांगता येत नाही. ज्या साधनांनी आपण माशांचा हिशेब ठेवतो, ती सगळी इथे लुळी पडतात.

एका प्राण्याचे दोन जन्म

१८२९ मध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पाद्री आणि निसर्ग-अभ्यासक मिकाएल सार्स यांनी दोन नव्या चिमुकल्या प्राण्यांचे वर्णन केले. एक खडकाला चिकटलेला, मिलिमीटरभराचा, वर तोंड आणि तोंडाभोवती धागे असलेला. दुसरा तसाच चिकटलेला, पण अंगावर आडव्या खाचा पडलेला. पुढच्या काही वर्षांत त्यांनीच निरीक्षण करून दाखवून दिले की हे दोन वेगळे प्राणी नाहीत. दोन्ही जेलीफिशच्याच आयुष्यातल्या अवस्था आहेत.

नर-मादीच्या मिलनातून तयार होणारी अळी पोहत जाऊन एखाद्या कठीण पृष्ठभागाला चिकटते आणि तिचा पॉलिप होतो. हा पॉलिप वर्षानुवर्षे तिथेच राहू शकतो, अंगापासून नवे पॉलिप काढत पसरू शकतो, दिवस वाईट आले तर कवचबंद होऊन पडून राहू शकतो. मग योग्य ऋतू आला, तापमान बदलले, की त्याचे शरीर आडवे चिरत जाते आणि बशांची चळत रचावी तशा चकत्या एकावर एक तयार होतात. वरची चकती सुटते, थरथरत पोहू लागते. मग तिच्या खालची. प्रत्येक चकती म्हणजे एक बाळ-जेलीफिश. आपण ज्याला जेलीफिश म्हणतो तो काही महिने जगणारा, तरंगता अवतार. मूळ वस्ती तळाशी चिकटलेली असते.

अचानक ‘उगवणारे’ लोंढे यातून समजतात. कालपर्यंत समुद्र मोकळा आणि आज छत्र्यांनी भरलेला, यात गूढ काही नसते. लाखो पॉलिपांनी एकाच सुमारास चकत्या सोडल्या आणि वाऱ्याने, प्रवाहाने त्या एका जागी लोटल्या, एवढेच घडलेले असते. मात्र अडचणही इथेच आहे. बहुतेक जातींचे पॉलिप निसर्गात कुठे राहतात ते कोणी पाहिलेले नाही. प्रयोगशाळेत ते वाढवता येतात, पण समुद्रतळावर त्यांचा पत्ता सापडत नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ जे मोजतात ते पिकाचे उत्पन्न आहे; बी किती पेरलेले आहे ते कोणाला ठाऊक नाही.

भूमध्य समुद्रातल्या ट्युरिटॉप्सिस डोर्नी या नखाएवढ्या जातीने तर आयुष्याची दिशाच उलटी करून दाखवली आहे. जखम झाली, उपासमार झाली किंवा म्हातारपण आले की हा जेलीफिश तळाशी बसतो, आक्रसून गोळा होतो आणि त्यातून पुन्हा पॉलिप उगवतो. इटलीतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे नोंदवले. ‘अमर जेलीफिश’ हे नाव त्याला पुढे चिकटले. माशांच्या तोंडी तो मरतोच, रोगानेही मरतो. वार्धक्याने मात्र त्याला मरावेच लागते असे नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

१९८० च्या दशकापर्यंत जेलीफिशकडे फारसे कोणी लक्ष देत नव्हते. त्यानंतर तीन समुद्रांतून तीन बातम्या आल्या.

पहिली काळ्या समुद्रातून. जहाजे तोल राखण्यासाठी पोटात पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात ते ओततात. अशाच पाण्यातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा नेमिऑप्सिस तिथे पोचला. काटेकोरपणे बोलायचे तर हा कंगवा-जेली, म्हणजे निराळ्याच संघातला प्राणी. पण तोही पारदर्शक, तोही खादाड, आणि या वादात त्याला वगळता येत नाही. दशकाच्या अखेरीस त्याने समुद्र व्यापला आणि अँकोव्ही (आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा) जवळजवळ हातचा गेला. नेमिऑप्सिसने माशांची अंडी, पिल्ले आणि त्यांचे खाद्य संपवले, असा एक निष्कर्ष निघाला. दुसऱ्या अभ्यासकांनी लक्षात आणून दिले की त्याआधीच अँकोव्हीची बेसुमार मासेमारी झालेली होती. पाहुण्याला रिकामे घर मिळाले. १९९७ मध्ये नेमिऑप्सिसला खाणारा बेरोए हा दुसरा कंगवा-जेली तिथे आला, पहिल्याची संख्या घसरली आणि मासे काही प्रमाणात सावरले.

दुसरी बातमी आफ्रिकेच्या नैर्ऋत्येकडून, नामिबियातून. तिथला थंड, सुपीक समुद्र एकेकाळी तारलीने भरलेला असे. १९६० च्या दशकाअखेर ती मासेमारी कोसळली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात त्याच पाण्यात जेलीफिशचे वजन १ कोटी २२ लाख टन आणि माशांचे ३६ लाख टन भरले. मासे गेले आणि जागा जेलीफिशने घेतली, या मांडणीला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण होते.

तिसरी जपानमधून. नोमुराचा जेलीफिश दोन मीटर व्यासाचा आणि २०० किलो वजनाचा होऊ शकतो. विसाव्या शतकात त्याचे मोठे लोंढे क्वचित येत. १९२०, १९५८ आणि १९९५ ही वर्षे लोकांच्या लक्षात राहावीत इतके क्वचित. २००२ नंतर ते जवळजवळ दरवर्षी येऊ लागले. २००९ मध्ये चिबाजवळ दहा टनांच्या एका ट्रॉलरने नोमुरांनी भरलेले जाळे ओढायचा प्रयत्न केला आणि ट्रॉलरच उलटला. तिघे खलाशी वाचले. हिरोशिमा विद्यापीठाचे शिनिची उये यांनी या लोंढ्यांचा माग चीनच्या किनाऱ्यापर्यंत काढला आणि तिथल्या पाण्यात होत असलेल्या बदलांकडे लक्ष वेधले.

या बातम्या येऊ लागल्या होत्या तेव्हाच, २००१ मध्ये, अमेरिकेच्या क्लॉडिया मिल्स यांनी एक शोधनिबंध लिहिला. बदलत्या महासागरात जेलीफिश जगभर वाढत आहेत का, असा प्रश्नच त्यांनी शीर्षकात ठेवला होता. निबंधात वाढीची उदाहरणे होती तशी घटीचीही. मिल्स ज्या फ्रायडे हार्बर परिसरात काम करत, तिथेच १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा यांनी सुमारे १०,००० एक्वोरिया जेलीफिश गोळा करून त्यांतून चकाकणारी प्रथिने वेगळी काढली होती. त्यातले हिरवे प्रथिन पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींवर खूण करायला वापरले गेले आणि २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून गेले. तोच एक्वोरिया फ्रायडे हार्बरला नंतर दुर्मीळ होत गेला. पुढच्या चर्चेत मिल्स यांचे प्रश्नचिन्ह मागे पडले आणि घटीची उदाहरणेही. माझ्या मते या वादाची गाडी पहिल्यांदा घसरली ती इथे.

वाढ झाली आहे, असे मानणाऱ्यांची बाजू

या बाजूची मांडणी सर्वांत नेटकी झाली ती अँथनी रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ च्या लेखात. तिचा गाभा असा: माणूस समुद्रात जे जे करतो आहे, त्यातले बरेचसे जेलीफिशच्या पथ्यावर पडणारे आहे.

मासे काढून घेतले की जेलीफिशचे स्पर्धक आणि शत्रू दोन्ही कमी होतात. शेतातली खते आणि शहरांचे सांडपाणी समुद्रात गेले की सूक्ष्म वनस्पती माजतात, त्या कुजताना प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. कमी प्राणवायूत अनेक जेलीफिश मात्र तग धरतात. पाणी तापले की कित्येक जातींचा प्रजननाचा हंगाम लांबतो. जहाजे नव्या जाती नव्या समुद्रांत नेतात, कालवेही नेतात: सुएझमार्गे आलेला रोपिलेमा नोमॅडिका १९७० च्या दशकापासून इस्राएलच्या किनाऱ्यावर ठाण मांडून आहे. आणि धक्के, बंधारे, तेलविहिरींचे मनोरे, पवनचक्क्यांचे पाये यांनी पॉलिपांना हवा असलेला कठीण पृष्ठभाग मऊ चिखलाच्या किनाऱ्यांवरही मिळवून दिला आहे. एड्रियाटिक समुद्रातल्या बंदरांत धक्क्यांच्या खालच्या बाजूला चंद्र-जेलीफिशच्या पॉलिपांचे दाट थर प्रत्यक्ष सापडले आहेत.

कारणे पटण्याजोगी आहेत. पण कारण असणे म्हणजे परिणाम झालेला असणे नव्हे. ती उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न कॅनडातल्या लुकास ब्रॉट्झ यांच्या गटाने २०१२ मध्ये केला. जगाच्या किनारी समुद्राचे ६६ मोठे परिसंस्था-विभाग मानले जातात. त्यांपैकी ४५ विभागांबद्दल पुरेशी माहिती मिळाली आणि त्यांतल्या २८ विभागांत, म्हणजे ६२ टक्क्यांत, वाढ दिसली. घट दिसली फक्त तीन विभागांत. पूर्व आशिया, भूमध्य समुद्र, अमेरिकेचा ईशान्य किनारा ही ठळक ठिकाणे. शास्त्रीय नोंदी तुटपुंज्या असल्याने त्यांनी मच्छीमारांच्या मुलाखती आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्याही हिशेबात घेतल्या आणि प्रत्येक माहितीला तिच्या विश्वासार्हतेनुसार वजन दिले. ही पद्धत काहींना खटकली. मला ती धाडसी वाटली तरी अयोग्य वाटत नाही. आयुष्य समुद्रात काढलेल्या माणसाची आठवण हीसुद्धा एक नोंद असते.

शंका घेणाऱ्यांची बाजू

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, रॉबर्ट कॉन्डन आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका उलटा रस्ता धरला. बातम्या नकोत, आठवणी नकोत. दीर्घकाळ सलग मोजलेल्या संख्याच घ्यायच्या. अशा जितक्या नोंदी जगात मिळाल्या तितक्या त्यांनी एकत्र केल्या. १९७० नंतर किंचित वाढ दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर भक्कम ठरली नाही. वाढणाऱ्या आणि घटणाऱ्या समूहांच्या प्रमाणात फरक निघाला नाही. ठळकपणे दिसला तो चढ-उतार: सुमारे वीस वर्षांच्या आवर्तनाने जेलीफिश जगभर वाढतात आणि ओसरतात. १९९० च्या दशकात चढ होता. नेमक्या त्याच काळात शास्त्रज्ञांचे आणि पत्रकारांचे लक्ष तिकडे वळले, म्हणून वाढ एकमार्गी भासली, असे त्यांचे म्हणणे.

बेरिंग समुद्राचा दाखला या बाजूला उपयोगी पडतो. तिथे १९९० च्या दशकात जेलीफिश झपाट्याने वाढले आणि त्यावर बरीच चिंता व्यक्त झाली. २००० नंतर ते तितक्याच झपाट्याने कमी झाले. त्या घसरणीची दखल पहिल्या वाढीइतकी कोणी घेतली नाही.

२०१६ मध्ये आणखी एक अस्वस्थ करणारे काम पुढे आले. मारीना सान्झ-मार्टीन आणि सहकाऱ्यांनी जेलीफिशवरचे काही शे शोधनिबंध काढले आणि ‘जगभर वाढ होत आहे’ या विधानाला त्यांनी कोणाचा आधार दिला आहे, ते एकेक करून तपासले. जवळजवळ निम्म्या निबंधांनी आधारग्रंथाचा अर्थ चुकीचा लावला होता, आणि चूक बहुतेक वेळा वाढीच्याच बाजूने झुकलेली होती. मूळ लेखकाने ‘कदाचित’ म्हटलेले दुसऱ्याने ‘बहुधा’ केले, तिसऱ्याने ‘निश्चित’. कोणी खोटेपणा केला असा आरोप या अभ्यासात नाही. उद्धरणावर उद्धरण चढत गेले आणि मूळ सावधपणा हरवला.

दोन्ही बाजूंचे निष्कर्ष वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ब्रॉट्झ यांच्या माहितीचा काळ मुख्यतः १९५० नंतरचा, पल्ला रुंद, दर्जा संमिश्र. कॉन्डन यांच्या नोंदी काटेकोर, पण मोजक्या जागांच्या आणि बऱ्याचशा युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या. ज्या आशियाई आणि आफ्रिकी समुद्रांत बदल सर्वांत मोठा असण्याची शक्यता आहे, तिथल्या सलग नोंदी फारच थोड्या. त्यामुळे दोघांचे निष्कर्ष एकमेकांना खोडून काढत नाहीत. दोघांनी वेगवेगळा समुद्र पाहिलेला आहे.

वाढले, तर वाईट काय?

या पोटप्रश्नावरचे मत मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरेच बदलले आहे. जेलीफिश म्हणजे अन्नसाखळीतली बंद गल्ली, असे पूर्वी धरून चालत: तो सगळे खातो, त्याला कोणी खात नाही, कारण त्यात पाण्याशिवाय काही नाही. लेदरबॅक कासव आणि सूर्यमासा हे दोन अपवाद.

मग प्राण्यांच्या पाठीवर बसवलेले कॅमेरे आणि विष्ठेतल्या डीएनएची तपासणी ही दोन साधने हाती आली. पेंग्विन जेलीफिशवर तुटून पडताना चित्रित झाले. अल्बट्रॉसच्या विष्ठेत जेलीफिशचा डीएनए मिळाला. नामिबियाच्या त्याच ‘जेलीफिशने गिळलेल्या’ समुद्रात एक छोटा गोबी मासा सापडला. तो दिवसा प्राणवायू नसलेल्या चिखलात लपतो, रात्री वर येऊन जेलीफिश खातो आणि पुढे स्वतः हेक माशांचे खाद्य होतो. म्हणजे गल्ली बंद नव्हती, आपल्याला तिचे दुसरे टोक दिसत नव्हते. जेलीफिश पचतो चटकन आणि विनासायास मिळतो, म्हणून कमी कस असूनही तो परवडतो. पोटात गेल्यावर काही वेळातच त्याचा मागमूस राहत नाही. पोट चिरून पाहणाऱ्या जुन्या अभ्यासांना तो दिसणार कसा?

मेल्यावर त्याचे काय होते, याचीही दोन उत्तरे आहेत, आणि त्यातले एक आपल्या अरबी समुद्रातले. २००२ च्या अखेरीस ओमानजवळच्या खोल तळावर क्रॅम्बिओनेला जेलीफिशच्या कलेवरांचे थर पडलेले दिसले, चिकट पदार्थाचे पट्टेच्या पट्टे. नॉर्वेच्या खोल फिओर्डमध्ये मात्र संशोधकांनी मुद्दाम सोडलेली कलेवरे हॅगफिश आणि खेकड्यांनी काही तासांत फस्त केली. समुद्रतळाला हे अन्न सगळीकडे सारखेच पचते, असे म्हणता येत नाही.

माणसाने त्यातून वाटही काढली आहे. चीनमध्ये जेलीफिश शेकडो वर्षे खाल्ला जातो, आणि लिआओनिंग प्रांतात तर खाद्य जातीची पिल्ले मुद्दाम समुद्रात सोडतात. भारतातही गुजरात, आंध्र प्रदेश आणि केरळच्या किनाऱ्यांवर तो पकडून मीठ-तुरटीत मुरवतात आणि पूर्वेकडच्या देशांत पाठवतात. एका जाळ्याचा शाप दुसऱ्या जाळ्याचा माल ठरतो.

आपला किनारा

कोकण किनाऱ्यावर या प्रश्नाची झळ पहिल्यांदा बसते ती डोल धरणाऱ्यांना. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून बांधलेली ही पिशवीसारखी लांब जाळी. पाण्याबरोबर जे वाहत येईल ते तिच्यात शिरते, बोंबील, जवळा, मांदेली, आणि हंगामात जेलीफिशही. ते आले की जाळ्याच्या टोकाचा खोला जड होतो, ओढताना फाटतो, आतला जवळा बुळबुळीत लगद्यात सापडून वाया जातो. निवडायला बसणाऱ्यांच्या हातांची आग होते ती वेगळीच. ‘पूर्वी एवढे येत नव्हते’ हे बंदरावर ऐकू येते. ते खरे असू शकते. पण डोलीत दरवर्षी किती जेलीफिश आले, याचा आकडा आपल्या मासेमारीच्या हिशेबात धरला जात नाही. पकडलेल्या माशांची नोंद होते, फेकलेल्या जेलीफिशची होत नाही.

मुंबई-गोव्याच्या बातम्यांत दिसतो तो बहुधा दुसराच प्राणी. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूवर निळे फुगे पडतात, ते ‘ब्लू बॉटल’ म्हणजे फायसेलिया. हा एकटा प्राणीही नाही. ती कामे वाटून घेतलेल्या अनेक जीवांची वसाहत आहे: कोणी तरंगायचे, कोणी शिकार धरायची, कोणी पचवायची, कोणी प्रजा वाढवायची. जगभर त्याची एकच जात आहे असे मानत. २०२५ च्या जनुकीय अभ्यासाने त्या चार असल्याचे दाखवले. त्याला पोहता येत नाही. फुग्याच्या शिडावर वारा नेईल तिकडे तो जातो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दीडशेहून जास्त लोकांना त्याचा डंख झाल्याच्या बातम्या होत्या. पण नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात असेल त्या आठवड्यात किनाऱ्यावर फायसेलिया जास्त दिसणारच. त्यावरून वाऱ्याची दिशा कळते, समुद्रातली संख्या कळत नाही. गोव्यातल्या कलंगुट-बागा पट्ट्यात पर्यटक वाढले की डंखही वाढतात. तोही आकडा आधी माणसांचा आणि मग जेलीफिशचा.

डंखावरच्या उपचारांतही मतभेद शिल्लक आहेत. फायसेलियाच्या डंखावर सोसवेल इतके गरम, ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी वीसेक मिनिटे धरणे बर्फापेक्षा गुणकारी ठरते, हे ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसले आणि आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. व्हिनेगरबद्दल एकमत नाही: ऑस्ट्रेलियातले मार्गदर्शक फायसेलियावर ते नको म्हणतात, हवाईच्या संशोधकांचे प्रयोग त्याच्या बाजूने आहेत. जागा चोळू नये, वाळू घासू नये, यावर मात्र दुमत नाही. लघवी लावण्याच्या सल्ल्याला कोणताही आधार नाही. श्वास लागला, छातीत दुखू लागले, तर रुग्णालय गाठावे.

अरबी समुद्राच्या पोटात चाललेले बदल याहून गंभीर आहेत. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम ही सूक्ष्म वनस्पती वाढे; गेल्या काही दशकांत तिची जागा नॉक्टिलुका या रात्री निळ्या उजेडाने चमकणाऱ्या जीवाने घेतली. हेल्गा गोम्स, जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा बदल तिथल्या वरच्या थरात पसरत असलेल्या कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडून दाखवला. नॉक्टिलुका फारसे कोणी खात नाही. जे खातात त्यांत साल्प आणि जेलीफिश आहेत. ही साखळी पक्की ठरली तर उद्या बोंबील आणि तारलीच्या वाट्याचे अन्न कोणाच्या पोटात जाईल, हा प्रश्न ओमानपासून रत्नागिरीपर्यंत सगळ्यांचा आहे.

काय सुटलेले नाही

जगभराचा एकच कल सांगता येईल का, याचे उत्तर आज ‘नाही’ असे आहे. काही समुद्रांत वाढ झाली आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. काहींत घट आहे, काहींत नुसते आवर्तन. कॉन्डन यांचे वीस वर्षांचे आवर्तन खरे असेल तर ते ओळखायला किमान दोन-तीन आवर्तने मोजावी लागतील, म्हणजे या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागेल. तोवर पाणी आणखी तापलेले असेल आणि नैसर्गिक चढ कुठे संपला व माणसाने घातलेली भर कुठे सुरू झाली, हे वेगळे करणे आणखी अवघड झालेले असेल.

पॉलिपांचा ठावठिकाणा हा दुसरा प्रश्न, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या डीएनएच्या कणांवरून जवळपास कोणती जात आहे, हे आता ओळखता येऊ लागले आहे. त्यातून लपलेल्या वस्त्या सापडण्याची आशा आहे. त्या सापडल्या तर पुढच्या हंगामात किती जेलीफिश येतील, याचा अंदाज पावसाच्या अंदाजासारखा आधी देता येईल. मासेमारी, मत्स्यशेती आणि वीज केंद्रे तिन्हींना त्याचा उपयोग आहे. २००७ मध्ये उत्तर आयर्लंडच्या एका सॅमन-शेतीवर जांभळ्या पेलाजियाचा लोंढा आला आणि एक लाखाहून अधिक सॅमन मेले. आगाऊ सूचना देण्याची कोणतीच सोय तेव्हा नव्हती.

भारतापुरते बोलायचे तर सुरुवात करायला नवी जहाजे लागत नाहीत. तमिळनाडूतल्या कल्पक्कम अणुवीज केंद्रात गाळणीवर अडकणाऱ्या जेलीफिशचा अभ्यास पंचवीस वर्षांपूर्वीच झाला आहे. तसाच पाण्याच्या तोंडाशी रोजचा हिशेब तारापूरलाही ठेवता येतो. जीवरक्षकांकडच्या डंखांच्या नोंदीत त्या दिवशीचा वारा आणि किनाऱ्यावरची गर्दी हे दोन रकाने वाढवता येतात. सातपाटी, वसई, हर्णैच्या बंदरांवर मासळीची नोंद घेणाऱ्याने डोलीतल्या जेलीफिशच्या पाट्याही मोजाव्यात, जमले तर जात लिहावी. मुंबईच्या समुद्रात गेल्या काही वर्षांत पुलांचे आणि रस्त्यांचे जे शेकडो खांब उभे राहिले, त्यांच्या पाण्याखालच्या सावलीतल्या बाजूवर काय चिकटले आहे, ते पाणबुड्यांनी उतरून खरवडून आणावे.